वर जायचं की खाली?

१३ मे २०२४, सोमवार. दुपारी चारच्या सुमारास अंधेरीतल्या आमच्या ऑफिसात एकदम अंधारून आलं. आमचा मजला सातवा, आणि एका बाजूला भिंतीऐवजी सलग काच. बाहेरचं आकाश आधी पिवळं झालं, मग मातकट, आणि पाच मिनिटांत समोरची बिल्डिंग दिसेनाशी झाली. आम्ही सगळ्यांनी एकच गोष्ट केली. लॅपटॉप तसेच सोडून, फोन काढून, काचेकडे धावलो.

माझ्याकडचा व्हिडिओ त्रेचाळीस सेकंदांचा आहे. त्यात धूळ दिसते, उडणारा एक निळा पत्रा दिसतो, लोकांचं 'भाई, देख देख' ऐकू येतं. शेवटी मागून पॅन्ट्रीतल्या मावशींचा आवाज येतो, "अरे, मागं सरा की रे, काच हलतीये!" काच खरंच हलत होती. मी डावा तळवा तिच्यावर टेकवला होता आणि मला ती थरथर जाणवत होती. तरी मी मागे सरले नव्हते.

आमच्याकडे दर सहा महिन्यांनी फायर ड्रिल होतं. घंटा वाजली की जिन्याने खाली उतरायचं आणि पार्किंगच्या कोपऱ्यात, हिरव्या पाटीखाली जमायचं. त्या संध्याकाळी खाली आले तेव्हा शेजारच्या गुलमोहराची मोठी फांदी नेमकी त्या पाटीवर पडलेली होती. म्हणजे त्या दुपारी कोणी घाबरून घंटा वाजवली असती, तर आम्ही दोन-तीनशे माणसं शिस्तीत रांग लावून त्या फांदीखाली उभे राहिलो असतो.

तोवर फोनवर घाटकोपरचे व्हिडिओ यायला लागले होते. छेडा नगरमध्ये, ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेला लागून असलेल्या पेट्रोल पंपावर १२० फूट बाय १२० फुटांचं होर्डिंग कोसळलं होतं. महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० फुटांची. १७ माणसं गेली, ७०हून अधिक जखमी झाली. त्यांतले कितीतरी जण पाऊस-वाऱ्यापासून आडोसा म्हणून पंपाच्या छपराखाली थांबले होते. ठाणे-मुलुंडदरम्यान ओव्हरहेड वायरचा खांब वाकल्याने गाड्या बंद होत्या, आणि मी मुलुंडची. घरी पोचायला रात्र झाली. वाटेत रिक्षात बसून डोक्यात एकच गोष्ट घोळत होती : ती माणसं आडोशाला गेली होती, आणि आम्ही काचेकडे. चूक दोघांचीही नव्हती. अशा वेळी नेमकं कुठे जायचं असतं, हे आम्हाला कोणी कधी सांगितलंच नव्हतं.

हा लेख त्या प्रश्नाच्या शोधात लिहिला आहे. मी हवामानतज्ज्ञ नाही, कोड लिहिते. पण शोध घेताना मी दिल्लीतल्या एका कॉलेज कॅम्पसवर, अमेरिकेतल्या एका शाळेत आणि शेवटी माझ्याच कॉलेजच्या लॅबमध्ये जाऊन पोचले.

एकच शब्द, तीन वादळं

त्या रात्री आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणी त्याला चक्रीवादळ म्हटलं, कोणी टोर्नेडो, कोणी नुसतं तुफान. आजी म्हणाली, "वळीव होता गं." सगळ्यात अचूक उत्तर तिचंच होतं.

वळवाच्या उंच ढगातून पाऊस पडायला लागतो, तेव्हा खालच्या कोरड्या, तापलेल्या हवेत त्यातलं बरंच पाणी वाटेतच वाफ होऊन जातं. वाफ होताना ते हवेतली उष्णता ओढून घेतं. थंड झालेली हवा जड होते, धपकन खाली येते आणि जमिनीवर आपटून चहूबाजूंना पसरते. बादलीभर पाणी फरशीवर ओतल्यासारखी. त्या पसरणाऱ्या हवेची पुढची कड म्हणजे आपल्यावर आलेला तो धुळीचा पडदा. हा सगळा खेळ मिनिटांचा.

चक्रीवादळ हा वेगळाच प्राणी. ते समुद्रावर तयार होतं, शेकडो किलोमीटर पसरतं, त्याची चाहूल काही दिवस आधी लागते आणि त्याला निसर्ग, तौक्ते अशी नावंही ठेवली जातात. टोर्नेडो तिसरा : ढगापासून जमिनीपर्यंत पोचलेला, गरगर फिरणारा हवेचा खांब. बहुधा काहीशे मीटरच रुंद, पण वाटेत येईल ते उपटून नेणारा. शेतात नाचणारी आपली वावटळ दिसायला तशीच, पण ती तापलेल्या जमिनीतून उठते. टोर्नेडो ढगातून उतरतो.

मराठीत मात्र बातम्यांपासून गप्पांपर्यंत या साऱ्यांसाठी 'चक्रीवादळ' किंवा नुसतं 'वादळ' चालतं. मला आधी वाटलं, हा भाषेचा किरकोळ मुद्दा आहे. तो तसा नाही, हे दिल्लीच्या गोष्टीने कळलं.

मॉरिस नगर, १७ मार्च १९७८

भारतात कॉलेज कॅम्पसवर टोर्नेडो आलेला आहे. १७ मार्च १९७८ रोजी दुपारनंतर उत्तर दिल्लीत, दिल्ली विद्यापीठाच्या नॉर्थ कॅम्पसच्या परिसरात तो उतरला. किरोडीमल कॉलेज, मॉरिस नगर हा त्याचा रस्ता. काही मिनिटांचा, अरुंद पट्ट्यातला मामला. पण जवळपास ३० माणसं गेली आणि सुमारे ७०० जखमी झाली.

त्या दिवशी तिथे एम.ए. करणारा एक विद्यार्थी लायब्ररीतून निघून नेहमीपेक्षा वेगळ्या रस्त्याने खोलीवर चालला होता. त्याचं नाव अमिताव घोष. पुढे ते कादंबरीकार झाले आणि २०१६ साली 'द ग्रेट डिरेंजमेंट' या पुस्तकाच्या सुरुवातीलाच त्यांनी ही आठवण लिहिली. ढगातून खाली येणारी राखाडी सोंड त्यांनी पाहिली, एका मोठ्या इमारतीकडे धाव घेतली. काचेची दारं बंद होती आणि बाहेर छज्जाखाली माणसं दाटीने उभी होती. जागा नव्हती म्हणून ते वळसा घालून पुढे गेले, एका छोट्या बाल्कनीच्या कठड्यावरून आत उडी मारली आणि जमिनीला चिकटून बसले. टोर्नेडो त्यांच्यावरून गेला. नंतर पाहिलं तर त्या काचेच्या दारांचा चुरा झाला होता आणि तिथली माणसं जखमी होती.

ही हकिगत वाचताना मला माझा काचेवर टेकवलेला तळवा आठवला.

त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली आहे. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांना या प्रकाराला काय म्हणावं तेच कळेना. दिल्लीच्या हवामानाच्या नोंदींत असं काही आधी घडलेलंच नव्हतं, म्हणून शब्दही हाताशी नव्हता. जिथे शब्दच नाही तिथे इशारा कसला आणि तयारी कसली?

ज्या देशात शब्दावर बंदी होती

मला वाटायचं, अमेरिकेत टोर्नेडो नेहमीचे, तर तिथे तयारीही पहिल्यापासून असणार. झालं होतं उलटं. तिथल्या हवामान खात्याच्या अंदाजांत 'टोर्नेडो' हा शब्द वापरायला १८८०च्या दशकापासून मनाई होती. लोक घाबरतील, चेंगराचेंगरी होईल आणि अंदाज चुकला तर खात्याची अब्रू जाईल, ही भीती.

या मनाईच्या आधीची एक गोष्ट माझ्या पेशातल्या लोकांना फार आवडेल. जॉन फिनली नावाच्या लष्करी हवामान अधिकाऱ्याने १८८४ साली टोर्नेडोचे अंदाज वर्तवून पाहिले. एकूण २,८०३ अंदाज. त्यांतले ९६.६ टक्के बरोबर आले, असा त्याचा दावा. त्याच वर्षी जी. के. गिल्बर्ट या भूशास्त्रज्ञाने ते आकडे तपासले. प्रत्यक्षात टोर्नेडो झाले फक्त ५१ वेळा. फिनलीने 'येणार' म्हटलं १०० वेळा, त्यातले २८ खरे ठरले. म्हणजे फिनलीने डोळे मिटून रोज 'येणार नाही' एवढंच म्हटलं असतं, तरी तो ९८.२ टक्के बरोबर आला असता!

मशीन लर्निंगच्या इंटरव्ह्यूत आजही हा प्रश्न वेगळ्या कपड्यांत येतो. पण मला त्यात आपल्या संस्थांचं चित्र दिसतं. 'काही होणार नाही' असं म्हणणारा माणूस बहुतेक दिवस बरोबरच असतो. त्याची अब्रू टिकते, त्याचं काम कधी अडत नाही. तो चुकतो तो एखाद्याच दिवशी, आणि त्या दिवसाची किंमत त्याच्या टक्केवारीत दिसत नाही.

ही कोंडी फुटली मार्च १९४८मध्ये, ओक्लाहोमातल्या टिंकर हवाई तळावर. २० मार्चला तिथे टोर्नेडो आला आणि कोट्यवधी डॉलरची विमानं मोडून गेला. तळावरचे हवामान अधिकारी फॉबश आणि मिलर यांना हुकूम मिळाला : यातून काही अंदाज बांधता येतो का पाहा. पाचच दिवसांनी, २५ मार्चला, त्यांना आकाशाची तीच लक्षणं दिसली. त्यांनी अंदाज दिला. विमानं हँगरमध्ये नेली, माणसं सुरक्षित जागी हलवली. त्याच संध्याकाळी टोर्नेडो खरंच तळावर आला. १९५०मध्ये नागरी हवामान खात्यानेही तो शब्द वापरायला उघड परवानगी दिली.

पण नुसता इशारा मिळून भागत नाही. ३ एप्रिल १९७४ रोजी ओहायोमधल्या झेनिया गावात शाळा सुटून गेली होती आणि हायस्कूलच्या नाट्यगृहात काही मुलं नाटकाची तालीम करत होती. एका मुलीने बाहेर पाहिलं, टोर्नेडो येत होता. मुलं नाट्यगृह सोडून इमारतीच्या मधल्या कॉरिडॉरमध्ये गेली आणि भिंतीला चिकटून आडवी पडली. काही क्षणांत नाट्यगृहाचं छप्पर गेलं आणि जिथे तालीम चालू होती त्या रंगमंचावर स्कूल बस येऊन पडली. गावात ३०हून अधिक माणसं गेली. तालमीतली मुलं वाचली.

तिथल्या शाळा-कॉलेजांच्या तयारीचं सार या कॉरिडॉरमध्ये आहे. सगळ्यात खालचा मजला, इमारतीचा मधला भाग, खिडक्यांपासून लांब, लहान छताखाली. हॉल, जिम, कँटीन अशा रुंद छपराच्या जागा सर्वांत वाईट. १९९९पासून तिथे 'स्टॉर्मरेडी' नावाची योजना आहे आणि अनेक विद्यापीठं तीत आहेत. तिच्या अटी साध्या आहेत : चोवीस तास इशारा घेणारं कोणीतरी हवं, तो मिळण्याचे आणि पुढे पोचवण्याचे एकाहून जास्त मार्ग हवेत, लिहिलेली योजना हवी आणि तिचा सराव हवा. टोर्नेडोच्या इशाऱ्यानंतर सरासरी दहा-पंधरा मिनिटंच हातात असतात. तेवढ्यात कमिटीची मीटिंग होत नाही.

न झालेलं वादळ आणि झालेला पाऊस

आता घरी येऊ. मुंबईत टोर्नेडो? शक्यता फारच कमी. मग आपल्याला याचं काय?

इंटरनेटवर शोधलंत तर ६ जून १८८२च्या 'ग्रेट बॉम्बे सायक्लोन'मध्ये मुंबईत एक लाख माणसं मेली, असं आजही अनेक याद्यांत सापडेल. कोलंबिया विद्यापीठाचे ॲडम सोबेल मुंबईच्या चक्रीवादळांच्या धोक्याचा अभ्यास करायला लागले, त्याला निमित्त घोष यांनी विचारलेले प्रश्नच होते. सोबेल आणि सहकाऱ्यांनी तपास केला तेव्हा कळलं, की असं वादळ झालंच नव्हतं. झालेली वादळं वेगळी होती : १८५४चं, नोव्हेंबर १९४८चं. जून २०२०मध्ये निसर्ग रायगडच्या किनाऱ्यावर गेलं, मे २०२१मध्ये तौक्ते मुंबईच्या जवळून गेलं तेव्हा कुलाब्याला वाऱ्याने ताशी १०० किलोमीटर ओलांडले. म्हणजे न झालेलं वादळ आपल्या फॉरवर्डमध्ये आहे आणि झालेली वादळं विस्मरणात.

एक दिवस मात्र उपनगरांत कोणीच विसरलेलं नाही. २६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर. त्याच काळात कुलाब्याला ७४ मिलिमीटरही नाही. दक्षिणेला नेहमीचा पाऊस आणि इकडे आभाळ फाटलेलं. साकीनाक्याला दरड कोसळून ७०हून अधिक माणसं गेली. गाडीच्या काचा वर करून बसलेले काही जण गाडीतच गुदमरले. ढगांचा असा अंतर्भाग दाखवणारं डॉप्लर रडार तेव्हा मुंबईत नव्हतं.

मी तिसरीत होते, मुलुंडच्या शाळेत. बाईंनी कोणालाच एकटं सोडलं नाही. आम्हाला वरच्या मजल्यावरच्या संगीताच्या वर्गात बसवलं आणि ज्यांचे पालक येतील त्यांचीच नावं एकेक करून वहीतून खोडली. रात्री नऊला आई आली. बाबा अंधेरीला एमआयडीसीत कामाला होते. तिथे दुपारी तीनला सगळ्यांना 'लवकर घरी जा' म्हणून सोडलं. बाबा तिसऱ्या मजल्यावरच्या कोरड्या खोलीतून उतरून छातीभर पाण्यात गेले. पवई, कांजूरमार्ग, भांडुप करत चालत दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला घरी पोचले. त्यांच्या पायात एकच बूट होता. आई त्यांना काही बोलली नाही, गॅसवर पाणी तापवायला ठेवलं. बाबांच्या खात्यातले एकजण मात्र घरी पोचलेच नाहीत. हे मला पुढे बारावीत असताना कळलं.

बारा वर्षांनी, २९ ऑगस्ट २०१७. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, कॉलेज पश्चिम उपनगरात. आमच्याकडे गणपतीची सुट्टी दीड दिवसाची, त्यामुळे कॉलेज चालू. सांताक्रूझला त्या चोवीस तासांत ३३१ मिलिमीटर पडला. दुपारी दीडला ग्रुपवर पीडीएफ आली : कॉलेज बंद करण्यात येत आहे, विद्यार्थ्यांनी परिसर त्वरित सोडावा. स्टेशनवर गाड्या नव्हत्या, रस्त्यावर कमरेएवढं पाणी आणि उघडी मॅनहोल्स. तरी आम्ही बॅगा उचलल्या.

लॅबचे काका दारात उभे होते. म्हणाले, "कुठे निघालात? वर चला." कुणीतरी फोनवरची नोटीस दाखवली. त्यांनी चष्मा वर करून ती वाचली आणि म्हणाले, "ही कागदाची आहे. पाणी बघा खाली." आम्ही एकवीसजण त्या रात्री दुसऱ्या मजल्यावरच्या लॅबमध्ये राहिलो. माझी मैत्रीण आधीच निघाली होती. बोरिवलीला पोचायला तिला नऊ तास लागले. वाटेत एका खड्ड्यात ती गळ्यापर्यंत गेली आणि एका अनोळखी माणसाने केस धरून तिला वर ओढलं. त्याच संध्याकाळी प्रभादेवी परिसरात डॉ. दीपक अमरापूरकर उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले. त्यांना कोणी वाचवू शकलं नाही.

नाव चुकलं की जिना चुकतो

हे सगळं शेजारी ठेवलं, की माझ्या प्रश्नाचं उत्तर दिसायला लागतं. वारा आला तर खाली, आत, काचेपासून लांब. पाणी आलं तर वर. आग लागली तर बाहेर. एकाच इमारतीत तीन दिशा आहेत आणि आपल्याकडे घंटा एकच, आगीची. तिने शिकवलेली दिशा इतर दोन संकटांत घातक आहे. म्हणून धोक्याचं नेमकं नाव महत्त्वाचं. 'सतर्क राहावे' असा मेसेज कुठल्याच जिन्याकडे बोट दाखवत नाही.

दुसरं म्हणजे, आपल्याकडे माहितीची आता तेवढी टंचाई नाही. कुलाब्याला आणि २०२२पासून अंधेरीजवळच्या वेरावलीला डॉप्लर रडार आहे. पुण्याच्या आयआयटीएमने केलेलं 'दामिनी' ॲप विजेची सूचना देतं. २०२३मध्ये आपल्या सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले होते, आठवतंय? ती थेट मोबाइल टॉवरवरून इशारा देण्याची चाचणी होती. १३ मेलाही हवामान खात्याने दुपारी वादळी वाऱ्याचा इशारा दिलेला होता. इशारा उपग्रहावरून फोनपर्यंत सेकंदांत येतो आणि प्रिन्सिपलच्या केबिनपासून वर्गापर्यंतच्या शंभर मीटरमध्ये अडकतो. कारण तिथे सही लागते.

आणि सही होते तेव्हा ती बहुतेकदा 'परिसर सोडावा' यावर होते. माणसं गेटबाहेर गेली की संस्थेची जबाबदारी संपते. २००५ला बाबांना असंच सोडलं, २०१७ला आम्हाला. सोडणं आणि सांभाळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या शाळेतल्या बाईंना ते न सांगता माहीत होतं. त्यांच्याकडे रडार नव्हतं, एक वही होती.

घाटकोपरनंतर मी आमच्या ऑफिसच्या ॲडमिनला एक पानाची नोट दिली. वाऱ्यासाठी प्रत्येक मजल्यावर लिफ्टजवळचा बिनखिडकीचा पॅसेज, पाण्यासाठी दुसऱ्या मजल्यावरची ट्रेनिंग रूम, आणि कोणालाही न विचारता घोषणा करू शकतील अशी दोन माणसं. ॲडमिनवाले हसून म्हणाले, "मॅडम, मुंबईत टोर्नेडो येतो का?" मी म्हटलं, येत नाही बहुधा. 'बहुधा'वर फिनलीची गोष्ट सांगितली. पॅसेज मंजूर झाला, खोलीही झाली. दोन माणसांचा मुद्दा 'विचाराधीन' आहे. हिरवी पाटी गुलमोहरापासून हलवली आहे.

गेल्या महिन्यात लॅबच्या काकांना फोन केला. ते आता रिटायर झालेत. विचारलं, त्या दिवशी नोटीस असूनही आम्हाला कसं अडवलंत, भीती नाही वाटली? ते म्हणाले, "अगं, २६ जुलैला मीच पोरांना गेट उघडून दिलं होतं. सगळी पोचली नशिबाने. पण मला ते दुसऱ्या दिवशी कळलं. ती एक रात्र मला पुरली."